जामीन राहण्याआधी: विश्वास, भीड आणि सही

पतसंस्थेच्या कर्ज अर्जात जामीनदाराने जिथे जिथे सही करायची असते, तिथे लिपिकाने आधीच पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या असतात. अर्जदार आपला मित्र असतो, किंवा कचेरीतला सहकारी, किंवा ज्याला नाही म्हणणे जड जाते असा एखादा नातलग. तो अर्ज आपल्यापुढे धरतो, पान उलटतो, बोटाने फुली दाखवतो आणि म्हणतो, “नुसती फॉर्मॅलिटी आहे.” सात-आठ सह्या दीड मिनिटात उरकतात. मजकूर बारीक टायपात असतो, पण तो वाचायला थांबलो तर समोरच्याला वाटेल की याचा आपल्यावर भरवसा नाही, एवढ्याच संकोचाने आपण तो वाचत नाही. आणि पुढे कोणी विचारले तर सांगतो, की मी विश्वासाने सही केली.

ती सही बहुतेक वेळा विश्वासाने झालेली नसते, भिडेने झालेली असते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. मी स्वतः आजवर अकरा वेळा जामीन राहिलो, त्यांतल्या एकदाच मला पदरचे पैसे भरावे लागले, आणि तो माणूस त्या अकरांपैकी मला सर्वांत खात्रीचा वाटलेला होता. पुढे जे लिहिले आहे ते त्या एका अनुभवातून आणि न बुडालेल्या दहांतूनही सुचलेले आहे. जामीन कधीच राहू नये असा सल्ला मी देणार नाही. तो सल्ला देणाऱ्यांच्या स्वतःच्या घराच्या कर्जावर कोणा ना कोणाची सही असतेच.

पहिली गोष्ट म्हणजे एक रात्र मागून घ्यावी. “घरी बोलतो आणि उद्या सांगतो” या वाक्याचा आपल्या समाजात सहसा कोणाला राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याने आपले काम सोपे केले असे समजावे. त्या रात्री एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: उद्या मी या माणसाला, “सध्या तुझे एकूण हप्ते किती जातात?” असे तोंडावर विचारू शकेन का? विचारू शकत असाल, तर तुमच्या दोघांत विश्वास आहे आणि पुढचे बोलणे होऊ शकते. मात्र प्रश्नाच्या कल्पनेनेच जीभ अडखळत असेल, तर जे आहे त्याला भीड म्हणतात, आणि भिडेवर दोन-तीन लाखांची जबाबदारी उचलू नये. घरी खरोखरच बोलावे, हेही सांगून ठेवतो. जामीनदाराच्या मृत्यूनंतर त्याची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर येऊ शकते, त्यामुळे ही सही घरच्यांपासून लपवण्याजोगी खासगी बाब नाही.

“माणूस विश्वासू आहे” हे वाक्य मोघम आहे. व्यवहारापुरते त्याचे तीन वेगळे धागे करून पाहावेत, म्हणजे दानत, ऐपत आणि शिस्त. दानत म्हणजे दुसऱ्याचे पैसे बुडवायचे नाहीत ही मनाची धारणा. आपण माणूस ओळखतो असे म्हणतो तेव्हा बहुधा एवढेच ओळखत असतो. ऐपत ही मनाची बाब नसून आकड्यांची आहे, आणि ती चेहऱ्यावरून दिसत नाही. त्यासाठी पगारपत्रक पाहावे लागते, आणि तेही वरचा ठळक आकडा नव्हे, तर सगळ्या कपाती जाऊन हाती पडणारा तळचा आकडा. नव्या कर्जाचा हप्ता त्यातून वजा केल्यावर त्या घराचा किराणा, भाडे आणि मुलांची फी निघेल का, याचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर दोन मिनिटांत होतो. कर्जाची मुदतही त्याच कागदावर लिहावी. चार वर्षांनी निवृत्त होणारा माणूस सात वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेत असेल, तर शेवटच्या तीन वर्षांचे हप्ते कुठून येणार हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. नोकरी कंत्राटी असेल तर कंत्राट कधी संपते तेही विचारावे.

तिसरा धागा शिस्तीचा, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. दानत उत्तम, पगार चांगला, पण हप्त्याची तारीख म्हणजे “दोन दिवस इकडेतिकडे” असे मानणारी माणसे आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, आणि ती मनाने चांगली असल्यामुळे त्यांच्याबद्दल शंका घेणे आपल्याला पाप वाटते. शिस्त मोठ्या गोष्टींत शोधू नये. भिशीचा हप्ता तो कोणत्या तारखेला देतो, सहलीला सगळ्यांनी वर्गणी काढली तेव्हा त्याच्याकडे किती वेळा मागावी लागली, आपले नेलेले ड्रिल मशीन त्याने आपण होऊन परत आणले की आपणच जाऊन आणले, यातून जेवढे कळते तेवढे वर्षानुवर्षांच्या गप्पांतून कळत नाही.

आता कागदाकडे वळू. जामीन राहणे म्हणजे कर्जदाराच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणे, असा समज अजूनही सुशिक्षितांत आढळतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. म्हणजे मुद्दल, व्याज आणि शुल्क, सगळेच. “आधी त्याच्याकडून वसूल करा, त्याच्याकडे काही नाही असे ठरले तर माझ्याकडे या,” असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली बँक ऑफ बिहारच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्या निकालामागचा विचार सरळ आहे: धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, आधी कर्जदारामागे धावायला लावले, तर जामिनाला अर्थच उरणार नाही.

सहकारी संस्थेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम १०१ खाली पतसंस्थेला दिवाणी दावा न लावता निबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो, आणि त्या दाखल्यावर जप्तीची कारवाई होऊ शकते. पगारदारांच्या पतसंस्थेत तर जामीनदाराच्या पगारातून कपात करण्याची संमती बहुधा त्याच अर्जात छापलेली असते, म्हणजे पेन्सिलच्या त्या फुल्यांपैकी एक फुली तिच्याखाली असते. दुसरी एक फुली अशा कलमाखाली असते, की कर्जाच्या अटींत पुढे बदल झाले तरी जामीनदाराची त्यांना संमती आहे असे समजावे. करार अधिनियमाचे कलम १३३ जामीनदाराला त्याच्या संमतीवाचून झालेल्या बदलानंतरच्या व्यवहारांपासून संरक्षण देते. ते संरक्षण आपण त्या एका सहीने आगाऊच सोडून देतो. हे कलम खोडून घेणे प्रत्यक्षात फार क्वचित जमते, हे मी मान्य करतो. पण ते तिथे आहे हे माहीत असणे आणि नसणे यांत फरक आहे.

सही करायचे ठरले, तर काही गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. रक्कम, व्याजदर आणि मुदत यांचे रकाने कोरे असतील तर ते भरून घेतल्याशिवाय सही करू नये. “नंतर भरतो, साहेब” हे लिपिकाचे म्हणणे प्रामाणिक असले तरीही नको. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. आपला मोबाइल क्रमांक संस्थेकडे नोंदवून, हप्ता थकल्यास मलाही कळवावे, असे दोन ओळींचे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. दुसरे जामीनदार कोण आहेत ते अवश्य पाहावे. करार अधिनियमाच्या कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी आपापसांत भार समान वाटून घ्यायचा असतो, पण संस्थेला पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते, आणि ती साहजिकच ज्याचा पगार नियमित आणि पत्ता पक्का त्याच्या दारी आधी येते. धंद्याच्या कॅश क्रेडिटसारख्या चालू राहणाऱ्या कर्जाला हमी देत असाल, तर त्याच अधिनियमाच्या कलम १३० खाली पुढील व्यवहारांपुरती ती लेखी सूचना देऊन मागे घेता येते. तोवर झालेल्या उचलीची जबाबदारी मात्र राहते.

डायरीच्या शेवटच्या पानावर एक यादी ठेवावी: कोणाला, किती रकमेला, कोणत्या तारखेपर्यंत जामीन. मी असा नियम पाळतो, की त्या यादीतली सर्वांत मोठी रक्कम घर न विकता आणि मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात न लावता मला फेडता आली पाहिजे. तेवढी ऐपत माझी नसेल, तर समोरच्याची दानत देवमाणसाची असली तरी सही करण्याची योग्यता माझ्यापाशी नाही.

हातउसन्या पैशांबाबत थोडक्यात सांगतो, कारण तिथे गुंतागुंत कमी आहे. पैसे बँकेतून द्यावेत. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याने काही अपवाद वगळता बंदी आहे, आणि दंड होतो तो देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला. म्हणजे रोख देऊन आपण मित्रावर उपकार करत नाही, त्याला अडचणीत टाकतो. देताना, “आज अमुक रक्कम उसनी दिली, अमुक महिन्यापर्यंत परत” असा व्हॉट्सअॅप संदेश पाठवून त्यावर त्याचे “हो” घ्यावे. रक्कम मोठी असेल तर वचनचिठ्ठी करावी. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी घेणाऱ्याने सही करून देणे कबूल केले तर ती नव्याने सुरू होते. म्हणूनच दर दिवाळीला “किती राहिले” ते एका ओळीत लिहून घेण्याची जुन्या व्यापाऱ्यांची रीत मला फार शहाणपणाची वाटते.

कागद केला म्हणजे अविश्वास दाखवला, असे मानणाऱ्यांना १८७५ ची आठवण द्यावीशी वाटते. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने गाठली, आणि त्यांचा मुख्य रोख होता कर्जाच्या खतांवर, म्हणजे लेखी करारपत्रांवर, व वह्यांवर. ती ओढून काढून जाळण्यात आली. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून अंगठा घेतलेला आणि एकाच बाजूच्या कपाटात राहिलेला कागद हा जुलमाचे हत्यार होतो, हे त्या आगीने दाखवले. नंतर १८७९ साली आलेल्या दख्खन कृषक साहाय्य कायद्यात शेतकऱ्यांची खते ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद झाली. आजच्या घरगुती व्यवहाराला त्यातून घेण्यासारखे एवढेच, की कागद दोघांनी वाचलेला असावा, दोघांकडे त्याची प्रत असावी आणि पैसे फिटले की तो परत द्यावा किंवा समोरच फाडावा. असा कागद मैत्रीला जड होत नाही. उलट “मी दिले होते”, “नाही, तेवढे नव्हते” या वादातून तो मैत्रीला वाचवतो, कारण असे वाद बहुतेकदा लबाडीतून उद्भवत नाहीत, दोन माणसांच्या दोन आठवणींतून उद्भवतात.

इथवर दुसऱ्यावरच्या विश्वासाचे झाले. स्वतःवरचा विश्वास ही याहून अवघड जागा आहे, आणि माझी फसगत झाली ती तिथे.

तो सहकारी नऊ वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर होता. दुपारी आम्ही एकाच डब्यातून भाजी वाटून घेत असू. त्याच्या बायकोच्या हातची भरली वांगी मला आजही आठवतात. त्याने तीन लाखांचे कर्ज घेतले, मी फुल्यांवर सह्या केल्या, आणि वर्षभराने माझ्या नावाने नोटीस आली. तो मोबाइलवरून शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करत होता आणि आधीची दोन कर्जे फेडायला हे तिसरे काढले होते. पुढे दीड वर्ष माझ्या पगारातून महिना सहा हजार तीनशे कापले गेले. मला जास्त बोचली ती मात्र दुसरीच गोष्ट. सही करण्यापूर्वी आपण त्याला इतर कर्जांबद्दल विचारले होते आणि तो खोटे बोलला, असे मी सगळ्यांना शपथेवर सांगत होतो. एका रविवारी जुनी डायरी चाळताना त्या दिवसाची नोंद सापडली: “विचारायचे होते, राहून गेले. बरे दिसले नसते.” तो खोटे बोललाच नव्हता. मी विचारलेच नव्हते, आणि माझ्या स्मरणशक्तीने माझी लाज राखायला एक प्रश्न नंतर रचून दिला होता.

तेव्हापासून मी सही करण्याआधी दोन ओळी लिहून ठेवतो: या माणसावर मी विश्वास का ठेवतो, आणि मी नेमके काय तपासले. काही वर्षांनी त्या नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा माझ्या पारखण्याची रीत मलाच दिसली. ओळख किती जुनी आणि बोलणे किती गोड, या दोनच गोष्टींना मी वजन देत आलो होतो. उलट ज्याच्याबद्दल “तुटक बोलतो, पण कागदपत्रे आपणहून आणली” असे लिहिले होते, त्याने शेवटचा हप्तासुद्धा तारखेच्या दोन दिवस आधी भरला होता. “मला माणसे कळतात” असे ज्याला वाटते, त्याने आपल्या अंदाजांची अशी वही ठेवून पाहावी. अंदाज चुकलेले दिसतील तसे बरोबर ठरलेलेही दिसतील, आणि आपल्या मताचा कोणत्या बाबतीत भरवसा धरावा हे नेमके कळेल.

फसल्यानंतरची दोन वर्षे मी कोणालाच सही दिली नाही, आणि त्याला तत्त्व म्हणत राहिलो. त्या काळात आमच्याकडच्या एका शिपायाला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी कर्ज हवे होते. मी नकार दिला, त्याला दुसरा जामीनदार मिळाला, आणि त्याने कर्ज मुदतीआधी फेडले. त्याच्या ऐपतीचा किंवा शिस्तीचा मी विचारच केला नव्हता. पूर्वी न वाचता हो म्हटले, आता न वाचता नाही म्हटले, इतकाच बदल. माझ्या स्वतःच्या घराच्या कर्जावर दोन माणसांच्या सह्या आहेत. त्या दोघांनी मला असेच प्रश्न विचारून मगच सही केली, आणि त्याचे मला तेव्हा किंचित वाईट वाटले होते हेही कबूल करतो. आपल्या देशात १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था सुरू झाल्या तेव्हा ग्रामीण संस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. गहाण टाकायला ज्यांच्यापाशी काही नाही, त्यांना शेजाऱ्यांच्या माहितीवर कर्ज मिळावे, हा त्यामागचा हिशेब. शेजारी परस्परांना खरोखर ओळखतात आणि एकमेकांवर लक्ष ठेवतात, या गृहीतावर ती रचना उभी होती. लक्ष न ठेवता सह्या करणे हा त्या रचनेचा भाग कधीच नव्हता.

हप्ता थकल्याचे कळले, तर पहिला महिना सर्वांत मोलाचा असतो. संस्थेकडे लेखी अर्ज करून खात्याचा उतारा मागावा. कर्जदाराला कचेरीत चारचौघांत न गाठता त्याच्या घरी जाऊन, शक्यतो घरच्यांच्या समक्ष भेटावे, कारण पुष्कळदा घरात कोणालाच काही माहीत नसते. हप्त्यांची फेररचना होत असेल तर ती लेखी घ्यावी. भरावेच लागणार हे स्पष्ट झाले, तर उशीर करून दंडव्याज वाढवण्यात अर्थ नाही. मात्र प्रत्येक पावतीवर “जामीनदार या नात्याने” असे लिहून घ्यावे. करार अधिनियमाच्या कलम १४५ प्रमाणे भरलेली योग्य रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क जामीनदाराला आहे, आणि कलम १४० प्रमाणे पूर्ण फेड केल्यावर धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात. हे हक्क त्या पावत्यांवरच टिकतात, आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत पैसे भरल्या दिवसापासून मोजली जाते.

नाही म्हणायचे असेल, तर कारणे रचू नयेत. “बायको नको म्हणते” असे सांगून आपण एक नाते वाचवायला दुसरे खर्ची घालतो. “तीन लाखांची जबाबदारी मला पेलणारी नाही, पण तीस हजार मी देऊ शकतो, आणि ते परत आले नाहीत तरी आपल्यात काही बिघडणार नाही,” असे स्पष्ट सांगता येते. मी ते दोनदा सांगितले आहे. एकाने पैसे घेतले, दुसऱ्याने तोंड फिरवले आणि वर्षभराने पुन्हा बोलू लागला.

कर्ज फिटल्यावर कर्जदार पेढे आणतो आणि आपण विषय संपला असे समजतो. तसे समजू नये. संस्थेकडून मिळालेल्या बेबाकी दाखल्याची, म्हणजे काही येणे बाकी नाही या दाखल्याची, एक प्रत त्याच्याकडून मागून घ्यावी, जामिनापोटी कोरे धनादेश दिले असतील तर ते मोजून परत घ्यावेत, आणि दोन-तीन महिन्यांनी आपला सिबिल अहवाल, म्हणजे कर्जांच्या परतफेडीची नोंद, काढून पाहावा. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो आणि जामीन राहिलेली कर्जेही त्यात दिसतात. तिथे ते खाते बंद झालेले दिसले की डायरीच्या शेवटच्या पानावरची ती ओळ खोडावी.